सौर कॅमेऱ्याला मगर दिसते का?

पत्र

आम्ही बडोद्यात समा भागात राहतो. सासऱ्यांनी बांधलेला बंगला आहे, अर्धा आमचा आणि अर्धा धाकट्या दिरांचा. कंपाउंड एकच. मागची बाजू उत्तरेकडे आहे आणि मागच्या भिंतीपलीकडे कांस, म्हणजे पावसाळी नाला आहे, ती पुढे विश्वामित्री नदीला मिळते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ओटल्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर मागच्या भिंतीशी मगर निघाली. वनखात्याची माणसं येऊन घेऊन गेली, पण तेव्हापासून पहाटे कपडे वाळत घालायला मागे जायचा धीर होत नाही. त्यात ह्या दिवाळीनंतर मागून पाण्याची मोटर चोरीला गेली. मुलगा टोरांटोत असतो. तो दोन सौर कॅमेरे पाठवतो म्हणतोय, एक पुढच्या फाटकाला, एक मागे. 'वायर नको, बिल नको, लावून विसरून जा, मी इथून बघत जाईन,' असं त्याचं म्हणणं. आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मलाही वाटतं की लावावेत. पण जाऊबाई रुसल्या आहेत. म्हणतात, 'आता दोरीवर कपडे घालायलासुद्धा नटून जायचं का?' पावसाळ्यात हे कॅमेरे चालतात का? मगर दिसेल का? आणि जाऊबाईंना काय सांगू?

ता. क. लावायचे तर उत्तरायणाआधी लावावेत की नंतर?

– एक वाचक, बडोदे

उत्तर

ताई,

चिरंजीवांच्या चार वाक्यांपैकी 'वायर नको' हे खरं. 'बिल नको' हेही जवळपास खरं. 'लावून विसरून जा' हे दुकानदाराचं वाक्य आहे, ते तुमच्या मुलाने विश्वासाने पुढे पाठवलं. आणि 'मी इथून बघत जाईन' ह्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे. पण आधी मगरीचं बघू. त्या एका प्रश्नातून ह्या यंत्राचा सगळा स्वभाव कळतो.

सौर कॅमेरा चोवीस तास बघत नसतो. तो सोसायटीच्या गेटवर खुर्चीत पेंगणाऱ्या गुरख्यासारखा असतो, चाहूल लागली की उठतो. ही चाहूल घ्यायला भिंगाच्या खाली एक छोटी पांढरट घुमटी बसवलेली असते. ती प्रकाश बघत नाही, उष्णता बघते. भोवतालच्या भिंतीपेक्षा, जमिनीपेक्षा गरम असलेलं काही तिच्यासमोरून सरकलं की ती कॅमेऱ्याला उठवते. मग तो दहा-वीस सेकंदांचं चित्रण करतो, फोनवर सूचना पाठवतो आणि पुन्हा झोपतो. माणूस, कुत्रं, मांजर, गाय हे सगळे गरम रक्ताचे, म्हणून ते टिपले जातात. मगर थंड रक्ताची. पहाटे कांसेतून वर आलेली मगर त्या पाण्याइतकीच, त्या चिखलाइतकीच गार असते, आणि सरकते तीही सावकाश. त्या घुमटीच्या लेखी ती जमिनीचाच एक तुकडा. दुपारी उन्हात पडून तापलेली असेल तर एखादे वेळी टिपली जाईलही, पण तुम्हाला भीती पहाटेची आहे. थोडक्यात, शेजारच्या बोक्यासाठी हा कॅमेरा रात्रीतून पंधरा वेळा उठेल आणि मगरीसाठी एकदाही उठणार नाही अशी पुरेपूर शक्यता आहे.

काही कॅमेऱ्यांच्या खोक्यावर 'प्राणी ओळखतो' असं लिहिलेलं असतं. ती ओळख कॅमेरा जागा झाल्यानंतरची. जो उठलाच नाही तो ओळखणार काय?

तरीही मागे कॅमेरा लावायला माझी हरकत नाही, कारण त्याचा उलटा उपयोग होतो. तो तुम्हाला उठवणार नाही, पण तुम्ही त्याला उठवू शकता. पहाटे दार उघडण्याआधी फोनवर ॲप उघडा आणि 'लाइव्ह'वर बोट ठेवा. चार-पाच सेकंदांत मागचं अंगण दिसेल. अंधार असला तरी कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यात पंचवीस-तीस फुटांपर्यंत काळंपांढरं चित्र बरं येतं. भिंतीच्या कडेने एकदा नजर फिरवा. मग दारातूनच टॉर्च मारा, पण टॉर्च कमरेशी न धरता डोळ्यांच्या शेजारी, गालाजवळ धरा. मगरीचे डोळे प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतात, त्यामुळे टॉर्च डोळ्यांजवळ असेल तरच ते लालसर ठिपके तुम्हाला दिसतात. पावसाळ्याचे चार महिने एवढी सवय लावून घ्या.

मगर थांबवायचं काम मात्र भिंतीचं. मागच्या भिंतीला पावसाचं पाणी जायला तळाशी भोक ठेवलेलं असणारच. त्याला लोखंडी जाळी बसवली आहे का, आणि पुरात ती वाकली तर नाही ना, हे आधी बघा. दोघा भावांनी मिळून हा खर्च केला तर दोन्ही कॅमेऱ्यांपेक्षा तो जास्त कामाचा ठरेल. आणि कधी मगर दिसलीच तर काठीने हुसकायला कोणाला पुढे होऊ देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. दार लावा आणि वनखात्याला फोन करा. मागच्या वेळी जी माणसं आली होती त्यांचा नंबर फोनमध्ये पहिल्या पानावर हवा, दिरांच्या फोनमध्येसुद्धा.

आता पावसाळ्याचं. सौर म्हटलं की सगळे ढगांची काळजी करतात. थोडा हिशेब मांडू या, अवघड नाही. अशा कॅमेऱ्यातली बॅटरी १०,००० मिलिअँपिअर-तासांची धरा, म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. पॅनल पाच वॉटचं धरा. जागा असताना कॅमेरा दोन वॉटच्या आसपास खातो. दिवसभर जागा ठेवला तर ४८ वॉट-तास लागतील. एवढी वीज त्या पॅनलला कडक उन्हातही देता येत नाही, त्याची दिवसाची कमाई जेमतेम वीस. म्हणूनच त्याला झोपवून ठेवावं लागतं. तो दिवसातून चाळीस वेळा, वीस-वीस सेकंद उठला, तर एकूण पाव तासही जागा नसतो. झोपेतला किरकोळ खर्च धरून दिवसाला दीड-दोन वॉट-तासांत भागतं. म्हणजे भरलेली बॅटरी ऊन अजिबात नसलं तरी दोन आठवडे तरी ओढते. शिवाय आभाळ गच्च भरलेलं असलं तरी पॅनल अगदीच उपाशी राहत नाही, नेहमीच्या दशांश-चतुर्थांश वीज देतंच. बडोद्याचा श्रावण ह्या हिशेबात सहज बसतो.

हिशेब कोलमडतो तो दुसऱ्याच कारणांनी. समोर हलणारी फांदी आणि त्यामागे उन्हाने तापलेली भिंत, एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांची गरम इंजिनं ह्या सगळ्यांमुळे कॅमेरा उगाच उठत राहतो. आणि सगळ्यात मोठं खर्चिक कारण टोरांटोत बसलेलं आहे. तो रोज तासभर 'लाइव्ह' उघडून बसला की दिवसाचा खर्च एका फटक्यात दुप्पट होतो. रात्रीचा पांढरा दिवा लावून बघत बसला तर त्याहून जास्त. मग जुलैत एक दिवस कॅमेरा बंद पडेल आणि सगळे म्हणतील, पावसाने घात केला.

म्हणून पुढच्या फाटकाला सौर कॅमेरा नकोच. तिथे दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची गाडी, समोरून जाणारा अख्खा रस्ता. दिवसातून शंभरदा उठेल आणि बॅटरी उगाच खर्च करेल. ओटल्यावर दिवा आहे म्हणजे वीज आहे, आणि घरातला राउटरही बहुधा पुढच्याच खोलीत असेल. तिथे साधा वायरचा, सलग चित्रण करणारा कॅमेरा लावा. तो इथल्याच दुकानातून घ्या. सौरही इथलाच घ्या, कॅनडातून मागवू नका. बिघडला तर वॉरंटीसाठी टोरांटोला कुठे पाठवणार? शिवाय एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर-सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं बघून घ्या. पाण्यापासून बचावासाठी आयपी६५ किंवा त्याहून वरचा आकडा पुरे. बाकी मेगापिक्सेलच्या शर्यतीत पडू नका.

मागचा कॅमेरा सौरच ठीक, कारण तिथपर्यंत वायर ओढायची तर दिरांच्या भिंतीवरून जावं लागेल, आणि ते आत्ता नको. पण तुमची मागची बाजू उत्तरेची, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बडोदे कर्कवृत्ताच्या थोडं खाली, सव्वाबावीस अंशांवर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला ४४ अंशांवरच असतो. तेव्हा घराची सावली उत्तरेला जवळजवळ घराच्या उंचीएवढी लांब पडते. म्हणजे मागच्या भिंतीवर, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच चिकटवलेलं पॅनल हिवाळाभर ऊन बघणारच नाही. खोक्यावरच्या चित्रात कॅमेरा आणि पॅनल एकत्र दाखवतात ते दिसायला छान, पण तुमच्या उत्तरेच्या भिंतीला ते चालणार नाही. पॅनल वेगळं आणि तीन मीटरची वायर असलेलाच घ्या. पॅनल गच्चीच्या कठड्यावर किंवा टाकीच्या चौथऱ्यावर, दक्षिणेकडे तोंड करून, वीस-पंचवीस अंश तिरपं. वायर कमी पडली तर जोडवायर मिळते.

कारागीर दुसराही एक मार्ग सुचवेल: मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर खांब उभारा, त्यावर पॅनल आणि कॅमेरा दोन्ही, तोंड घराकडे. तिथे ऊन उत्तम मिळतं. पण मग कॅमेऱ्याचं तोंड सरळ जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे ठाम नाही म्हणा.

कॅमेरा बसवा घराच्या तुमच्याकडच्या मागच्या कोपऱ्यावर, आठ-नऊ फुटांवर, मागच्या भिंतीकडे तिरका. फार उंच लावला तर चोराचा फक्त भांग दिसतो. तिरका का, तर ती उष्णता ओळखणारी घुमटी समोरून आडवं जाणारं माणूस चटकन पकडते आणि सरळ अंगावर चालत येणारं उशिरा. छज्जाखाली लावला तर आणखी चांगलं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात भिंतीला लागून असलेली वस्तू तेवढी सहज तापते. म्हणून पॅनल उन्हात आणि कॅमेरा सावलीत. तरी मे महिन्यात दुपारी 'चार्जिंग थांबलं' असा संदेश आला तर घाबरू नका, ते यंत्र स्वतःला जपतंय. त्याच दिवसांत दुपारी अंगण, भिंत आणि माणूस सगळेच सारखे तापलेले असल्याने त्याची चाहूल घ्यायची ताकद मंदावते, हेही लक्षात असू द्या. चोर मेच्या भर दुपारी येत नाहीत म्हणा. त्यांनाही ऊन लागतं.

पुरात काय होईल ते सांगते. २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ३५ च्याही वर गेली, तेव्हा किती भागांत दिवे गेले होते ते तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी सौर कॅमेरा चालू राहतो, पण त्याचं बोलणं वायफायवरून आणि राउटर विजेवर. राउटर गेला की फोनवर काही दिसत नाही. उपाय दोन आहेत. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस आणून राउटर वरच्या मजल्यावर हलवा, काही तासांचं काम होतं. नाहीतर सिमकार्डवर चालणारा ४जी कॅमेरा घ्या, मग त्याचा रिचार्ज करत बसा. तुमच्यासाठी पहिला उपाय बरा. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड मात्र घालाच, म्हणजे नेट नसलं तरी चित्रण कार्डावर साठतं.

आता जाऊबाई. तुमच्या पत्रात त्या 'रुसल्या' आहेत. मला वाटतं त्या बरोबर आहेत.

टोरांटोचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे रात्रीचे आठ वाजतात, पोरगा जेवून सोफ्यावर बसतो, फोन हातात घेतो, तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्याच वेळी जाऊबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळून, गाऊनवर ओढणी टाकून दोरीशी उभ्या असतात. पुतण्या कितीही गुणी असला, तरी सात समुद्रांपलीकडून कुणीतरी बघत असेल ही जाणीव अंगाला चिकटते. तो बघत नसला तरी चिकटते. तेव्हा 'तुझ्याकडे कोण बघतंय एवढं!' हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका.

कायद्याचंही सांगून ठेवते. आपल्या जागेत, आपल्या घरासाठी कॅमेरा लावायला सरसकट बंदी नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही घरगुती, खासगी वापर वगळतो. पण स्त्रीचं तिच्या खासगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आणि तुमच्यासारख्या सामाईक घराला लागू पडणारं एक प्रकरण कोलकात्याचं आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांचा वाद होता. दुसऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालू ठेवणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असं तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं, जाऊबाईंसमोर कोर्टाचा विषय काढायला नव्हे. त्यांच्या नाराजीला वजन आहे, इतकंच त्यातून घ्या.

करायचं असं. ड्रिल मशीन घरात येण्याआधी एका दुपारी जाऊबाईंना मागे बोलवा. तुम्ही कोपऱ्यात स्टुलावर उभ्या राहा, किंवा दिरांना उभं करा, आणि कॅमेरा जिथे बसणार तिथे फोनचा कॅमेरा चालू करून धरा. फोनचा पडदा जाऊबाईंना दिसला पाहिजे. दोरी चौकटीत येतेय? फोन डावीकडे वळवा. खिडकीचा कोपरा येतोय? थोडा खाली. त्या 'हां, आता बास' म्हणतील तिथे पेन्सिलने खूण करा. दोरी हलवायला सांगू नका, कॅमेरा हलवा. तरीही एखादा भाग चौकटीत राहिलाच, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा तेवढा तुकडा कायमचा काळा करायची सोय असते. विकत घेताना ती आहे ना, हे विचारूनच घ्या. आवाजाचं मुद्रण बंद करून टाका. मागच्या अंगणात दोन बायका उभ्या राहिल्या की काय काय बोलतात ते कुणी साठवून ठेवायची गरज नाही. आणि सकाळी सहा ते साडेआठ कॅमेरा झोपलेलाच राहील अशी वेळ ॲपमध्ये लावून द्या. मगर बघायची ती तुम्ही त्याआधीच बघून घ्याल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दीर आणि जाऊबाई दोघांच्या फोनवर कॅमेरा जोडून द्या. मूळ पासवर्ड वाटत फिरू नका. ॲपमध्ये घरच्यांना वेगळ्या नावाने जोडता येतं, तसं करा. कॅमेरा काय बघतो हे ज्याला केव्हाही उघडून बघता येतं त्याचा संशय निम्मा होतो. पण मी हे निव्वळ त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. रात्री दोन वाजता मागे कुणी भिंत चढलं, तर सूचना जाणार टोरांटोला. तिथे दुपारचे साडेतीन, पोरगा मीटिंगमध्ये. तासाने त्याने बघितलं तर तो तुम्हाला फोन करणार, तुमच्या यजमानांना ऐकू येत नाही, आणि तुम्ही एकट्या मागचं दार उघडणार नाही, उघडूही नये. ह्याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मागचा दिवा लावून 'कोण आहे रे?' म्हणून ओरडणारा माणूस भिंतीपलीकडे झोपलेला आहे. तुमचे दीर. पहिली सूचना त्यांच्या फोनवर वाजली पाहिजे. ते घर ह्या कॅमेऱ्यावर नाराज असेल तर कॅमेरा फक्त मोटर कशी गेली त्याची फिल्म काढेल. जाऊबाई पार नाहीच म्हणाल्या, तर फक्त तुमच्या अर्ध्या भागावर रोखलेला लावा, आणि मधली बाजू सोडून द्या.

मुलाशीही सरळ बोला. तुमच्या मनात असेल, 'त्याला बरं वाटेल.' वाटू दे की. आईवडील एकटे, वडिलांना ऐकू येत नाही, त्याच्या जिवाला घोर आहे, तो खोटा नाही. पण त्याला सांगा, कॅमेरा मोटरसाठी आहे. बाबा फिरायला उशिरा का निघाले, आईने औषध घेतलं का, हे त्याने फोन करून विचारावं. मागच्या कॅमेऱ्याच्या सूचना त्याच्या फोनवर बंद ठेवायच्या आणि 'लाइव्ह' त्याने उघडायचं ते तुम्ही सांगितलं तरच. फाटकाचा कॅमेरा त्याला हवा तेवढा बघू दे. त्यात वायर आहे, त्याने बॅटरी संपत नाही आणि कुणाचा गाऊनही दिसत नाही.

नव्या मोटरीबद्दल एवढंच, की ती काँक्रीटच्या चौथऱ्यावर बोल्टने आवळा आणि वर लोखंडी पिंजरा करून कुलूप घाला. चाहुलीने पेटणारा एक दिवाही तिथे लावा. मोटर उचलणारा चोर पाच मिनिटांच्या कामासाठी येतो, अर्ध्या तासाचं दिसलं तर पुढच्या बंगल्याकडे जातो.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. ॲप टोरांटोत बसून चालू केलं तर कॅमेऱ्याच्या घड्याळात तिथलीच वेळ पडण्याची शक्यता असते. चोरी रात्री दोनची आणि चित्रावर दुपारचे साडेतीन, असं व्हायला नको. भारतीय वेळ लावून घ्या. आणि कधी चित्रण पोलिसांना द्यायची वेळ आलीच, तर मूळ फाइल कार्डावर जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेली फाइल आकसते आणि चेहरा पुसट होतो. शिवाय कोर्टात अशा पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मूळ चित्रण हाताशी असलं की सोपं जातं.

निगा म्हणाल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा पॅनल ओल्या फडक्याने पुसा, सकाळी, तापायच्या आत. कबुतरांची विष्ठा एवढीशी दिसते पण पॅनलचा तो भाग मारते. भिंगासमोर कोळी जाळं विणतो, रात्री त्यावर दिव्याचा उजेड पडून अख्खं चित्र पांढरं होतं. केरसुणीची एक झटक पुरते.

ता. क. बद्दल. उत्तरायणानंतर. १४ आणि १५ जानेवारीला पतंग उडवायला गच्चीवर तुमची, दिरांची आणि अख्ख्या फळियातली, म्हणजे गल्लीतली, पोरं असणार, कठड्यावर पाय देऊन फिरक्या धरणार, आणि मांजाला पॅनलची वायर म्हणजे आयतीच अडकायला जागा. पण जागा मात्र डिसेंबरच्या शेवटीच ठरवा, कारण सूर्य तेव्हा वर्षातला सगळ्यात खाली असतो. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन, अशा तीन वेळा गच्चीवर जाऊन ऊन कठड्यावर कुठे पडतं तिथे खडूने रेघ मारून ठेवा. तिन्ही वेळा ज्या जागी ऊन असेल तिथे, वर छज्जा किंवा टाकी आडवी येत नसेल तर, पॅनल बाराही महिने चालेल. वाशी उत्तरायण, म्हणजे १५ तारखेचा दुसरा दिवस, सरला की वायरींवर लोंबणारा मांजा आधी कैचीने कापून काढा, हाताने ओढू नका, आणि मग कारागिराला बोलवा.